पहिल्या क्लिकपर्यंतच

कंपनीच्या जाहिरातीत लिटरला बावीस किलोमीटर होते. विलासरावांच्या हातून गाडी चौदाच्या वर कधी गेली नव्हती.

"मी चालवतो म्हणून चौदा तरी मिळतात," ते म्हणाले. "तू चालवलीस तर दहा."

"मोजू या," त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई म्हणाल्या. तुर्भ्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं रसायनं मोजली होती. पैज ठरली: ज्याचा आकडा मोठा, तो शनिवारी रत्नागिरीला गाडी नेणार. माहेरच्या अंगणात स्वतः गाडी उभी करायची, ही त्यांची जुनी हौस.

रीत सोपी होती. कामोठ्याच्या एकाच पंपावर नळी आपोआप बंद होऊन क्लिक होईपर्यंत टाकी भरायची, शंभर किलोमीटर चालवायचं, पुन्हा क्लिकपर्यंत भरायचं. जेवढं पेट्रोल मावेल, तेवढं जळलं.

रविवारी विलासरावांच्या शंभर किलोमीटरांना सात पूर्णांक सात लिटर लागलं. म्हणजे तेरा.

सोमवारी राजेश्वरीबाई विलासरावांना शेजारी बसवून पाम बीच रोडने निघाल्या. लाल सिग्नल दुरून दिसला की त्या ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत. मागचे हॉर्न वाजवत आणि पुढच्याच सिग्नलला शेजारी येऊन थांबत. बाईंना भलतीच मजा येत होती.

पंपावर क्लिक झालं. पाच पूर्णांक चार. म्हणजे साडेअठरा! टाकी उघडायला घेतलेली किल्ली विलासरावांनी हार मानत त्यांच्या हातात ठेवली.

"मॅडम, राउंड फिगर करू?" पेट्रोल भरणाऱ्या भाविका नावाच्या मुलीने विचारलं. "काल साहेबांनी केलं ना, क्लिक झाल्यावर."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, किती?"

"सवय गं! सात पूर्णांक दोनला क्लिक झालं होतं. वर अर्धा लिटर घातलं."

म्हणजे कालचं अर्धा लिटर जळलंच नव्हतं. ते आज बाईंच्या टाकीत आयतं आलं होतं. गप्प बसता आलं असतं. त्यांनी किल्ली परत दिली आणि वही उघडली.

"तुमचे तेरा नाहीत, जवळजवळ चौदा."

विलासरावांची कळी खुलली. "बघ! आणि तुझे?"

"माझे साडेअठरा नाहीत." त्यांनी भागाकार दोनदा तपासला. "सतरा."

भाविका खो खो हसली. "साहेब, तरी पण हरलात!"

"आणि कंपनीचे बावीस?" विलासरावांनी बायकोला विचारलं.

"त्यांच्या चाचणीत सिग्नल नसतात, एसी नसतो आणि तुम्हीही नसता."

विलासराव स्वतःच हसत सुटले. मग किल्ली पुन्हा बाईंना दिली, दार उघडून डाव्या बाजूला बसले आणि पट्टा लावला. "शनिवारी किती वाजता निघायचं, ड्रायव्हरबाई?"