उघड्या पाठीचं बेणं

सरजाबाईंच्या हातची हळद कधी वाया गेली नव्हती. अर्धापूरच्या शिवारात कुठं गड्डा उघडा दिसला, की त्यांचे हात आपसूक माती ओढायला लागत. त्याच गुणी हातांनी त्यांनी सुनेच्या आयरिस नावाच्या फुलझाडाची वाट लावली.

दामिनीचे वडील नोकरीसाठी सिमल्याला गेले अन् तिथंच वारले. त्यांच्या अंगणातला हा एवढा एकच कंद तिनं सासरी आणला होता. वाण फार जुना, इंग्रजांच्या काळातला. पांढऱ्या पाकळीला निळी किनार. कंदाची पाठ मातीबाहेर ठेवून तिनं तो लावला आणि बहिणीच्या बाळंतपणाला लातूरला गेली.

“बाई बाई, उघडंच टाकून गेली की पोर!” म्हणत सरजाबाईंनी वरून मातीची भर लावली, शेणखत घातलं, वर रोज तांब्याभर पाणी.

महिन्यानं दामिनी परतली. पान धरलं तर ते हातातच आलं, बुडाला कुजका वास.

“आत्या, याच्या पाठीला ऊन लागतं हो,” एवढंच ती बोलली आणि घरात गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. असं सरजाबाईंना वाटून गेलं.

संध्याकाळी त्यांनीच माती उकरली. कंद चाचपला. मऊ, मऊ, आणि टोकाला अंगठ्याएवढा तुकडा टणक!

“दामिनी, पळ! जित्ता हाय!”

कुजका भाग कापून त्यांनी चुलीतली राख चोळली, तुकडा सावलीत सुकवला. मग सुनेपुढं धरला. “आता तूच लाव. म्या हात लावत न्हाई.”

दामिनीनं मुरमाड वरंब्यावर मुळं मातीत, पाठ उन्हात असा तो लावला. तेव्हापासून सरजाबाईंचे हाल सुरू झाले. येता-जाता ती उघडी पाठ दिसे, हात शिवशिवत, मग त्या दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या राहत. शेजारची मंजुश्री एकदा माती सारायला वाकली, तर तिच्यावर अशा खेकसल्या की ती आठवडाभर फिरकली नाही.

दुसरी थंडी सरता सरता दांडा आला आणि एका सकाळी फूल उमललं. पांढरं, निळ्या किनारीचं. दामिनी त्याच्यापुढं उकिडवी बसली. सरजाबाईंनी मात्र घाईघाईनं डोक्यावरून पदर घेतला.

“कोण आलंय, आत्या?”

“व्याही आलेत की गं,” त्या हळूच म्हणाल्या. “बघत काय बसलीस? च्या ठेव.”