स्टार्टरवरचा रुमाल

विहिरीत माणूस उतरला की मोटरच्या स्टार्टरवर त्याचा रुमाल टांगायचा, ही कुंभार पिंपळगावची रीत. रुमाल म्हणजे डोक्याला गुंडाळायचा, पांढरा, घामेजलेला. तो दिसला की मालक असो नाहीतर सालदार, बटणाला कुणी बोट लावत नसे. एवढी साधी गोष्ट. ती कुणी कुणाला शिकवली नाही, कुठं लिहूनही ठेवली नाही. आणि घात झाला तो इथंच.

तृप्ती ही गावातल्याच शेतकरी बद्रीनाथांची लेक. कॉम्प्युटर शिकून पुण्याला न जाता गावातच राहिली म्हणून नातेवाइकांनी दोन वर्षं तिचं डोकं खाल्लं. तिनं स्टार्टरला लावायचा एक डब्बा तयार केला. थ्री-फेज लाईट आली की तो मोटर आपोआप चालू करायचा. मोटर बंद असेल तर लाल दिवा, चालू झाली की हिरवा. आणि कुणाला विहिरीत उतरायचं असेल तर त्यानं मोबाइलवर ‘रुमाल’ नावाचं बटण दाबायचं. मग लाईट आली तरी डब्बा मोटरला हात लावायचा नाही, दिवा लालच. लोक खूश! स्टार्टरपर्यंत जा, लाईट तोडायला फ्यूजच्या ग्रीपा काढा, रुमाल टांगा, ही सगळी यातायात वाचली. पार भोकरदन तालुक्यातल्या धावड्यापर्यंत एकतीस डब्बे लागले.

बद्रीनाथ तेवढे बधले नाहीत. “तुझा मोबाइलातला रुमाल मला दिसत न्हाई,” म्हणायचे, आणि ग्रीपा काढायला चालू लागायचे.

डब्ब्याचा प्रोग्रॅम तृप्तीनं ओपन सोर्स ठेवला होता. मूळ प्रत एका मोठ्या परदेशी साइटवर. कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. तिथंच राधेश्याम भेटला. राहायचा सुरतेला, फ्लॅटात वाढलेला, मराठी मात्र झकास लिहायचा. आठ महिन्यांत त्यानं साठेक चुका काढून दिल्या, तेही हौसेनं. परदेशी साइट एकदा दोन दिवस बंद पडली, तेव्हा त्यानंच सुचवलं की दुसरीकडं एक नक्कल ठेवू. हौशी मंडळींनी मिळून चालवलेली एक फुकट साइट होती, तिथं नक्कल ठेवली. दोन्ही सारख्या राहाव्यात म्हणून मध्ये एक अवजार बसवलं, तेही असंच लोकांनी लोकांसाठी लिहिलेलं. दर पाच मिनिटांनी ते मूळ प्रत बघायचं आणि नक्कल हुबेहूब तशी करून टाकायचं. एकतीस डब्बे नवा प्रोग्रॅम घ्यायचे ते या नकलेतून, तासातून एकदा.

गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारी देतो, तशी तृप्तीनं मूळ प्रतीची किल्ली राधेश्यामला देऊन टाकली. माणूस भला होता. फक्त घरात कुठली वस्तू कशाला ठेवली आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती आईला घेऊन जांब समर्थला दर्शनाला गेली. साळूबाई आत गेल्या आणि ही बाहेर ओट्यावर चपला सांभाळत मोबाइल घेऊन बसली. राधेश्यामचा पहाटेचा निरोप होता.

‘ताई, रात्रपाळीत वेळ मिळाला, साफसफाई केली. रुमाल नावाचा एक तुकडा होता. कशासाठी ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. जुनं काही राहून गेलं असेल म्हणून काढून टाकला. बाकी सगळं छान चालतंय. आता झोपतो.’

“आई गं!” तृप्ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारची बाई दचकून बघायला लागली.

सव्वादहा वाजले होते. शेतीची थ्री-फेज लाईट अकराला यायची. तिनं पाहिलं, तर एकतीसच्या एकतीस डब्ब्यांनी नवा प्रोग्रॅम घेतलेला. लोकांच्या मोबाइलवर बटण तसंच दिसणार होतं, दाबलं की ‘रुमाल टाकला’ असंही येणार होतं. डब्बा मात्र ते ऐकणार नव्हता.

मूळ प्रतीचा पासवर्ड घरच्या लॅपटॉपात. मोबाइलवर उघडत होती ती फक्त नक्कल. तिनं नकलेत तो तुकडा परत घातला आणि हुश्श केलं. पाच मिनिटांनी बघते तर तुकडा गायब. आपणच नीट ठेवला नसेल, असं वाटून पुन्हा घातला. पुन्हा गेला. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. मधलं अवजार त्याचं काम बिलकुल बराबर करत होतं. मुळात जे नाही ते नकलेतून पुसत होतं, आणि दिवसभर पुसत राहिलं असतं. तसं त्याला तिनंच तर सांगून ठेवलं होतं, आणि ते थांबवायचं तर त्यालाही घरचा लॅपटॉपच लागत होता.

राधेश्यामला तिनं सात निरोप टाकले. एकही वाचला गेला नाही. नंबर तिच्याकडं नव्हता. ज्याच्याकडं घराची किल्ली, त्याचा आवाजसुद्धा तिनं कधी ऐकला नव्हता.

मग तिनं बापाला फोन लावला. आज विहिरीत उतरतो, असं ते सकाळीच म्हणाले होते.

“बाबा, विहिरीत उतरू नका!”

“उतरून वर बी आलो. काहून?”

“ग्रीपा काढल्या होत्या?”

“ह्या काय, खिशात हायेत. अन् रुमाल स्टार्टरवर. तुला म्हणलं न्हवतं का म्या, तुझ्या त्या मोबाइलचा...”

तृप्तीला रडूच फुटलं. “नंतर शिव्या द्या बाबा,” म्हणून तिनं फोन ठेवला आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: ‘मोबाइलच्या रुमालावर भरोसा ठेवू नका. ग्रीपा काढा.’ लिहून झाल्यावर तिची नजर वरच्या निरोपावर गेली. धावड्याच्या रामेश्वरचा होता, दहाचा. ‘केबलचा जोड पाण्यात सुटलाय. रुमाल टाकला, बांधायला उतरून राह्यलो.’

सुटलेला जोड म्हणजे पाण्यात उघडी तार.

तिनं रामेश्वरला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. परत लावला. परत. धावड्यात तिला दुसरं कुणी ठाऊक नव्हतं, आणि धावडं जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अकराला सहा मिनिटं कमी असताना फोन उचलला गेला.

“बोला ताई, मी अंजू. आत्ताच भाकरी घेऊन आले. यांचा फोन काठावरच वाजून राह्यला.”

“वहिनी, भाऊ कुठं हायेत?”

“खाली, पाण्यात. जोड बांधून राह्यले. रुमाल टाकलाय ना त्यायनं.”

“त्यायला वर बोलवा! जल्दी! आधी मेन पाडा!”

“आवं, लाईट तर अकराला...” अंजू बोलता बोलता थांबली. “आली वाटतं. आज जल्दी आली. ताई, दिवा हिरवा झाला हो. रुमाल असला की लालच राहतो ना?”

“मेन पाडा वहिनी!”

भाकरीचा डबा पडल्याचा आवाज आला, पळत गेल्याचा आला, मग मेन खाडकन ओढल्याचा. त्यानंतर अंजूचा आवाज लांबून यायला लागला.

“अहो!”

साळूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीच्या हातावर प्रसाद ठेवला. तृप्तीचं लक्षच नव्हतं. तिनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला होता.

“अहो, ऐकलं का? वर या ना.”

मग अंजूनं नवऱ्याला नावानं हाक मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मारली असेल. विहिरीतून तिचीच हाक परत आली.