टेकडीवर आलेली तक्रार

"ह्येच का वो टीव्हीचं हापिस?"

रसूल मुलाणीनं बदलीच्या अर्जावरून मान वर केली. दारात चाळिशीची एक बाई पदरानं मान पुसत उभी होती. मागं तिचा नवरा, खांद्यावर काळं घोंगडं. आटपाडीच्या अलीकडच्या वाडीवरून दोघं उन्हातून चालत टेकडी चढून आली होती.

"व्हय. काय काम काढलंत?"

"तक्रार हाय."

रसूलनं पेन खाली ठेवलं. या छोट्या सहक्षेपण केंद्रावर तो बारा वर्षं तंत्रज्ञ होता. दिल्ली-मुंबईचे कार्यक्रम इथल्या मनोऱ्यावरून आसपासच्या गावांत पोचायचे. पूर्वी पडद्यावर जरा मुंग्या आल्या तरी माणसं सायकली हाणत वर यायची. आता, अठ्ठ्याण्णव साली, खाली गावात केबल आली होती. गेल्या रविवारी टेकडीवरची वीज गेली, जनरेटरचा पट्टा तुटला आणि भर दुपारी तीन तास प्रक्षेपण बंद पडलं. कुणी साधा फोनही केला नाही. तेच रसूलच्या मनाला लागलं होतं. मग बायकोपोरं आहेत त्या सांगलीला गेलेलं काय वाईट?

"बसा आधी, ताई. काय दिसलं न्हाई?"

बाईनं नवऱ्याकडं बघून बोटं हलवली. त्यानं झरझर हात फिरवून उत्तर दिलं. तेव्हा कुठं रसूलच्या ध्यानात आलं, की याला ऐकू येत नाही.

"आयतवारी दुपारी हाताच्या बातम्या असत्यात, त्या. मालक इचारत्यात, ती बाई आजारी हाय का?"

"कोण बाई?"

"बातम्या देती ती. कवा चुकत न्हाई. चार दिस ह्येंच्या तोंडात घास जाईना. म्हनलं, चला, इचारून तरी येऊ."

रसूलला हसू फुटणार होतं, पण त्या माणसाचा चेहरा बघून ते जागीच जिरलं.

"बरी हाय ती! आमचंच मशीन बंद पडलं हुतं."

बाईनं हातांनी तसं सांगितलं. माणसाचे खांदे सैल झाले आणि तो खुदकन हसला.

चहा घेता घेता त्या बाईनं, शालूबाईनं, सांगितलं. मालक लहानपणी मिरजेला बहिऱ्यांच्या शाळेत होते. सातवीत बाप गेला आणि ते वाडीवर येऊन घोंगड्यांच्या मागावर बसले. लग्नानंतर त्यांनी तिला हातांचं बोलणं शिकवलं.

"मला घरापुरतं येतंय. मीठ, पानी, बाजार. ती बाई ह्येंना दिल्लीचं सांगती, कुठं पूर आला ते सांगती. गावात समदी ह्येंच्याबद्दल बोलत्यात, सायेब. ह्येंच्याशी बोलनारी ती एकलीच."

"केबल न्हाई का घेतली?"

"शेजारी हाय की. तिथं त्या टायमाला पिच्चर लावत्यात."

रसूलनं भेटीची वही पुढं केली. दोन वर्षांत तीत साहेबांच्या सह्यांखेरीज काही नव्हतं. माणसानं सावकाश, गोल अक्षरात नाव लिहिलं: अर्जुना बाबू सनगर. कामाच्या रकान्यात लिहिलं: बातम्या दिसल्या नाहीत.

रसूलनं ते दोनदा वाचलं.

निघताना अर्जुनानं हात हलवले. "म्हनत्यात, तुमचं लय उपकार झालं," शालूबाई म्हणाली.

"माझं कसलं?" रसूल म्हणाला. "ताई, उपकार झालं म्हणायला हात कसा करायचा?"

तिनं दाखवलं. रसूलनं अर्जुनाकडं वळून तसा केला. बोटं चुकली. अर्जुनानं ती आपल्या खरबरीत हातांनी नीट धरून सरळ केली आणि पुन्हा करायला लावलं.

शनिवारी रसूल एसटीनं सांगलीला गेला, बाजारात हिंडून जनरेटरचा पट्टा घेतला आणि तासभर घरी टेकला. बायकोनं, फरीदानं, पहिल्यांदा बदलीच्या अर्जाचंच विचारलं. दिला नाही म्हटल्यावर ती ताट वाढायला उठली. मग त्यानं तिला सगळी हकीकत सांगितली. वाटी पुढं सरकवत ती एवढंच म्हणाली, "पोरं अजून वर्षभर दम धरतील."

रविवारी एकच्या सुमाराला टेकडीवरची वीज पुन्हा गेली. रसूल धावला. नवा पट्टा घातलेल्या जनरेटरनं दुसऱ्या हिसक्याला दम धरला आणि मनोरा पुन्हा चालू झाला. आत येऊन त्यानं घाम पुसला. मॉनिटरवर बातम्या लागल्या होत्या. ती बाई आली होती.

रसूलनं आवाजाचं बटण फिरवून पार बंद केलं, खुर्ची पुढं ओढली आणि बातम्या संपेपर्यंत तिच्या हातांकडं बघत बसला.