बंद करून राह्यलो

इंद्रभान सर खामगावच्या कॉमर्स कॉलेजात माणसांकडून काम करून घेण्याची विद्या शिकवत. पुस्तकात त्या विद्येला भारदस्त नाव होतं, आणि आत इंग्रज साहेब जपानी कामगारांशी कसा वागला, जर्मन साहेब इटालियन कामगारांशी कसा वागला, अशा गोष्टी होत्या. समोर बसलेल्या बहुतेक पोरांनी जळंबच्या पलीकडचं स्टेशनही पाहिलं नव्हतं. तेच धडे सर इतकी वर्षं शिकवत आले होते, की जपान म्हटलं की त्यांना जांभई यायची.

मनापासून ते एकच गोष्ट शिकवत, आणि ती पुस्तकात नव्हती: परक्या माणसासमोर शुद्ध बोला. सर मूळचे मोताळ्याकडचे. पुण्याला शिकायला गेले तेव्हा खाणावळीत पहिल्याच दिवशी 'मले पोळी द्या' म्हणाले, आणि पुढं वर्षभर त्यांचं नावच 'मले' पडलं. तो घाव काही भरला नाही. आता वऱ्हाड धरून महाराष्ट्र राज्य झालं होतं, पुण्या-मुंबईचे साहेब इकडे येऊ लागले होते. आपल्या पोरांना कोणी हसू नये, एवढीच सरांची धडपड होती. वर्गात कोणी 'जाऊन राह्यलो' म्हटलं, की ते त्याला उभं करून 'जात आहे' असं वदवून घेत. पोरंही काही कमी नव्हती, माघारी ती त्यांना 'आहेसर' म्हणत.

त्या हिवाळ्यात एके दुपारी नूरजहां त्यांच्याकडे आली. कॉमर्सला दोनच मुली होत्या, त्यांतली ही एक. तिचे वडील रहेमतुल्ला जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते, आणि आता त्यांची नोकरी जायची वेळ आली होती.

झालं होतं असं. मशीनमध्ये कापूस अडकला. पुण्याहून आलेल्या सबनीस मॅनेजरांनी त्या खडखडाटात ओरडून विचारलं, मशीन बंद केलं का? रहेमतुल्ला मशीन थांबवायला पट्ट्याकडे धावत होता. धावता धावताच त्यानं सांगितलं, "बंद करून राह्यलो, साहेब." म्हणजे करतोय, दम धरा. सबनीसांनी ऐकलं 'बंद करून', आणि हात आत घातला. दोन बोटं गेली. आता ते म्हणत होते, हा माणूस धडधडीत खोटं बोलला. शनिवारी जीनचे मालक शेठजी चौकशी करणार होते. सर दरवर्षी मुलांना जीन दाखवायला नेत, त्यामुळे शेठजींच्या ओळखीचे होते. त्यांनी चार शब्द सांगावेत, एवढंच नूरजहांचं मागणं होतं.

सरांना वाटलं, यात काय अवघड आहे? एका क्रियापदाचा अर्थ तर सांगायचा.

शनिवारी शेठजींच्या गादीवर सगळे जमले. रहेमतुल्ला धुतलेला सदरा घालून हात जोडून उभा राहिला आणि एकेक शब्द जपून टाकत म्हणाला, "साहेब, मी म्हणालो, की मी यंत्र बंद करत आहे."

सबनीस माणूस वाईट नव्हता, पण दुखण्यानं पिवळा पडला होता. तो म्हणाला, हे दुसरं खोटं. 'बंद करून' हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि यंत्र हा शब्द तर या माणसाच्या तोंडून आजच ऐकतोय. शेठजींनी पुन्हा विचारलं. रहेमतुल्लानं पुन्हा तेच पाठ म्हटलं. दाराशी उभ्या नूरजहांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

सरांच्या ध्यानात आलं. पोरीनं बापाकडून ते घरी घोटून घेतलं होतं, आणि पोरीला ते सरांनी शिकवलं होतं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. सरांनी 'करून राह्यलो'चा वऱ्हाडी अर्थ सांगून पाहिला. सबनीस म्हणाला, अर्थ असेल तुम्ही म्हणता तसा, पण तो तर असं बोललोच नाही म्हणतोय.

तेवढ्यात चहा आला. चौकशी असो की मयत, शेठजींच्या गादीवर चहा चुकत नसे. रहेमतुल्लाच्याही हातात कप आला. सरांना एकदम सुचलं, आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी गावाकडचं तोंड उघडलं.

"काऊन, रहेमतुल्लाभाई, चहा पेले का?"

बिचारा गाफील होता. "पिऊन राह्यलो ना, सर."

सगळ्यांनी त्याच्या कपाकडे पाहिलं. कप काठोकाठ भरलेला होता.

सबनीसानं आपल्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तो खोटं बोलला नव्हता." सरांना हायसं वाटलं, पण सबनीसाचं बोलणं संपलं नव्हतं. ज्याचं 'करतोय' मला 'केलं' असं ऐकू येतं, तो माणूस मशीनपाशी नको, असं त्याचं म्हणणं पडलं. शेठजींनी मग तोड काढली: नोकरी राहील, पण गेटवर.

साहेबच आमचे दोन शब्द शिकले तर काय बिघडेल, हे सरांच्या ओठांवर आलं होतं. वर्गात एखाद्या पोराला त्यांनी हेच उत्तर द्यायला लावलं असतं. पण त्यांना फार थकवा आला होता, आणि नोकरी तर वाचली होती. ते उठले आणि निघाले.

पुढच्या महिन्यात नेहमीसारखी सहल निघाली. सर मुलांना घेऊन जीनच्या गेटवर आले. मुलांत नूरजहांही होती. रहेमतुल्ला खाकी सदरा घालून स्टुलावर बसला होता. कापसाच्या धुळीत आणि तेलात आयुष्य गेलेले त्याचे हात आता इतके स्वच्छ होते, की ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नसावं. सरांना पाहून तो उठून उभा राहिला, पण गेट त्यानं उघडलं नाही.

सरांना बोलणं जड जात होतं. जुनी माया दाखवावी म्हणून ते म्हणाले, "उघडा, भाई. आमी पाहाले येऊन राह्यलो."

रहेमतुल्लानं एकदा लेकीकडे पाहिलं. मग सावधान उभा राहून, एकेक शब्द जपून टाकत, त्यानं विचारलं, "माफ करा, सर. आपण आला आहात, की येत आहात?"