रखमाबाईची अंघोळ

सरावलीच्या आमच्या चाळीत माझं एकच म्हणणं असायचं: मीठ मागा, साखर मागा, पाणी मागू नका. कारखाने वाढले, माणसं वाढली, नळ मात्र तेवढाच. तोही एक दिवसाआड, तासभर. रांग मीच लावायची. हंड्यांची अदलाबदल होऊन भांडणं पेटायची, म्हणून मी दम भरला, "ज्या भांड्यावर नाव नाही, ते भांडं रांगेत नाही." मग सगळ्यांनी नावं घालून आणली, पितळेवर कोरून, पत्र्यावर रंगवून. साखरबाईला सगळे टरकून असायचे, आणि साखरबाई म्हणजे मीच.

माझी शेजारीण जयवंती, मासवणची. नवरा गेल्यावर कारखान्यात पॅकिंग करून तिने देवूला वाढवलं. देवू आणि शिरगावची मंदा, दोघं एकमेकांना पसंत. अडलं ते मंदाच्या बापापाशी. हे अण्णा म्हणजे झाडामाडांच्या वाडीवाला माणूस, दारात विहीर. "जिथं प्यायला पानी नाय तिथं मी पोर देनार नाय," म्हणून बसला. आणि रविवारी घर बघायला येतो म्हणाला. नेमका बिनपाण्याचा दिवस!

जयवंती माझ्या दारात येऊन रडायलाच लागली. "साखरबाय, माजा पोर जीव लावून बसलाय गो."

"रडतेस काय मेले! डोळ्यांतून घालवायला पाणी जास्त झालंय का?" म्हणत मी उठले, माझाच नियम मोडायला. शनिवारी नळ गेल्यावर घरोघर फिरले. कुणी हंडा दिला, कुणी तपेलं. शेजारच्या बिहारी रामखेलावनने डबा दिला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या रखमाबाईने तर स्वतःच्या अंघोळीची कळशीच दिली. जयवंतीची मोरी, ओटा, खाटेखालची जागा, सगळं काठोकाठ भरलं. बघून मलाच हेवा वाटला.

अण्णा आले. जयवंतीने तांब्या पुढे केला, तर ह्या गृहस्थाने बाजूची कळशीच उचलली आणि घळाघळा पायांवर ओतली! वर म्हणतात, "पानी गार हाय." मी हसत राहिले, करते काय.

चहा झाला. अण्णा खुशीत होते. चष्मा लावून त्यांनी ती रिकामी कळशी उचलली, मग हंड्यांकडे वाकून बघायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नावं!

"रखमाबाई कोन?"

"सासू," जयवंती म्हणाली.

"दादू?"

"दीर."

"साखरबाई?"

"नणंद," मीच पुढे होऊन म्हटलं.

"आनि हा रामखेलावन?"

जयवंतीने माझ्याकडे बघितलं. दारातून रामखेलावन म्हणाला, "हमारा डिब्बा है, बाबूजी."

देवूने मान खाली घातली. ते मला बघवेना. डोकंच फिरलं माझं. "हो, खोटं बोललो! एक दिवसाआड पाणी येतं आम्हाला. हे अख्ख्या चाळीचं पाणी आहे, ह्या पोराचं लग्न जमावं म्हणून दिलेलं. आणि तुम्ही पायांवर ओतलंत ना, ती आमच्या रखमाबाईची अंघोळ होती!"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मागं माजी विहीर उपसायला काढली व्हती," ते हळू आवाजात म्हणाले, "तवा सख्ख्या भावानं त्याच्या विहिरीत पोहरा टाकू दिला नाय. घरात मंदाची आय तापानं फणफणत व्हती." एवढं बोलून चपला घातल्या आणि निघाले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. देवू त्या रात्री जेवला नाही, आणि मलाही घास गिळवेना. भांड्यांवर नावं घालायच्या माझ्याच नियमाने त्या पोराचा घात केला होता.

सोमवारी नळाच्या रांगेत मी सगळ्यांवर खेकसत होते, तेवढ्यात टेंपो आला. मागे पाण्याने भरलेली पिंपं, पुढे अण्णा.

"उसनं परत करायला आलो," ते उतरत म्हणाले. हातात तांब्याचा नवा हंडा होता, 'मंदा' असं नाव घातलेला. "ह्यो आता हितंच राहील. रांगेत कुटं ठेवू?"

नवं भांडं शेवटी, हाही माझाच नियम. मी माझा हंडा मागे ओढला आणि म्हटलं, "इथे ठेवा."

जयवंती रडायला लागली. ह्या वेळी मी तिला ओरडले नाही. मलाच कुठे नीट दिसत होतं!

"पन आदी त्या रखमाबाईंची आंगोळ व्हऊ दे," अण्णा म्हणाले.

रखमाबाई मोरीत शिरली ती बाहेरच येईना. शेवटी मीच दार बडवलं, "अगं भवाने, लग्नाला थोडं राहू दे!"