सात मजल्यांची पैज

पैज लागली ती भट्टीसमोर, भर सकाळी, आत्या पावांचे पत्रे बाहेर ओढत असताना.

तिचा धाकटा भाऊ दारात उभा होता. कोटाला पीठ लागेल म्हणून तो कधी उंबरा ओलांडत नसे. शनिवारी त्याच्या मुलीला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. हॉल ठरला होता, तीनशे माणसांना आमंत्रणं गेली होती, आणि घोडं अडलं होतं केकपाशी. मुलगी हटून बसली होती, की केक होईल तर आत्याच्या हातचा होईल, नाहीतर मी हॉलवर पाऊल ठेवणार नाही.

"ताई, तूच समजाव तिला," धाकटा म्हणाला. "सात मजली केक हवाय. आणि तुझा हात तर खांद्याच्या वर जात नाही."

"केक हातानं करतात, खांद्यानं नाही."

"गेल्या वर्षी स्टुलावर चढलीस तेव्हाही असंच काहीतरी बोलली होतीस."

हे मात्र खरं होतं. वरच्या फळीवरचा डबा काढताना आत्या स्टुलावरून पडली होती. हाड जुळलं, पण उजवा हात छातीच्या वर नेला की गंजलेल्या कडीसारखा अडकायचा. पुन्हा स्टुलावर चढायचं नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिली होती. तेव्हापासून धाकट्यानं एकच धोशा लावला होता. भट्टी बंद कर, माझ्याकडे राहायला ये.

"वरची खोली रंगवून घेतलीय तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आकाशी रंग. टीव्हीसुद्धा लावलाय."

"मला विचारलंस?"

"चांगलं करायला काय विचारायचं?"

आत्यानं हातातला पत्रा दणकन मांडणीवर ठेवला. तिला खोलीचा राग नव्हता. रंगाचा आला. तिनं हो म्हणायच्या आधी तो वाळलासुद्धा होता.

"बरं तर," ती म्हणाली. "सात मजले मी करते. एकटीनं भाजते, एकटीनं रचते. जमलं, तर भट्टी बंद करायची गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझी आकाशी खोली."

धाकट्यानं हसत हात पुढे केला. आत्यानं त्यावर डावा हात मारला.

बोलून तर गेली. पण तोंडातून गेलेला शब्द आणि भट्टीत गेलेला पाव कच्चा मागे घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अंडी फोडायला घेतली. अडीचशे अंडी, डाव्या हातानं. पहिल्या वीस अंड्यांत टरफलं पडली, ती चमच्यानं वेचता वेचता तिनं अंड्यांचा, कोंबड्यांचा आणि धाकट्याचा उद्धार केला. शंभराव्या अंड्याला डावा हात शहाणा झाला. मग मैदा चाळणं, साखर आणि लोणी फेसणं, टिनांना कागद लावणं. सगळ्यात खालचा टिन मोटारीच्या चाकाएवढा होता. तो भट्टीत जाईना, तेव्हा तिनं भट्टीच्या तोंडाची एक वीट सुरीनं कोरून काढली.

"बाई, भिंत पाडताय की केक करताय?" शेजारच्या शिंप्यानं डोकावून विचारलं.

"दोन्ही. तुम्ही आत या आणि टोप्या खा."

केक भाजला की मध्ये फुगतो. रचायचा असेल तर ती फुगलेली टोपी कापून सपाट करावी लागते. शिंप्यानं चार टोप्या खाल्ल्या, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "रचायला येऊ का हॉलवर? माझा हात चांगला उंच जातो."

"खाणं झालं असेल तर आपल्या मशीनवर बसा. एकटीनं ठरलंय."

भाचीही आली होती बाह्या सरसावून. तिलाही आत्यानं दारातून परतवलं. "चिमणे, तू शनिवारी सज्ञान हो. तोवर मला माझ्या अक्कलहुशारीनं करू दे."

शुक्रवारी तिनं नळ्या कापल्या. वरचा मजला खालच्या केकवर बसतो असं बघणाऱ्याला वाटतं. तसा बसला तर खालच्याचा चिखल होईल. खालच्या केकच्या पोटात जाडसर नळ्या उभ्या करायच्या, केकच्या उंचीबरोबर कापलेल्या, आणि वरच्याचा पुठ्ठा त्या नळ्यांवर टेकवायचा. एखादी नळी ज्वारीच्या दाण्याएवढी जरी लांब राहिली, तरी वरचं सगळं डुगडुगतं. तिनं एकेक नळी करवतीनं कापली, घासली, टेबलावर उभी करून वाकून डोळ्याच्या रेषेत बघितली. मग पिठाचे डबे एकावर एक ठेवून रचण्याची तालीम केली. पाच डबे झोकात चढले. सहावा कसाबसा गेला. सातवा लहान होता, तो डाव्या हातानं वर ढकलला.

"होतंय की," ती स्वतःलाच म्हणाली, जरा मोठ्यानं.

शनिवारी दुपारी सात खोकी हॉलवर पोचली. ती आत आणून द्यायला गाडीवाला होता. तेवढं पैजेत धरायचं नाही, असं धाकट्यानंच मोठ्या मनानं सांगितलं होतं. आत्यानं बुटकं टेबल मागितलं होतं आणि हॉलच्या मॅनेजरनं ते दिलंही होतं, पण वीतभर उंच चौथऱ्यावर चढवून. चौथऱ्याला चहूबाजूंनी फुलं ठोकलेली.

"हे खाली घ्या," आत्या म्हणाली.

"बाई, फुलांचं काम झालंय. वीतभरानं काय होतं?"

वीतभरानं काय होतं ते मॅनेजरला कुठून कळणार? त्याचे दोन्ही हात धडधाकट होते.

खालचा मजला तिनं खोक्याची बाजू फाडून सरकवत टेबलावर आणला. दुसरा कमरेच्या जोरावर चढवला. तिसरा, चौथा. प्रत्येक मजल्यावर वाकून चारी बाजूंनी बघायची, क्रीमची पट्टी फिरवून सांधा बुजवायची. पाचव्याला तिच्या कपाळावरून घाम निथळला. तोवर धाकटा नवा कोट घालून समोर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यामागे त्याची बायको उभी होती, आणि नव्या पांढऱ्या ड्रेसमध्ये चिमणी.

आत्यानं सहावा मजला उचलला. छातीपर्यंत आला. आणखी चार बोटं. तिथं उजवा हात अडकला.

ना वर जाईना, ना खाली येईना. पुठ्ठ्याची उजवी बाजू कलली आणि केकच्या कडेचं क्रीम हळूच सुरकुतलं. हॉलमध्ये खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. धाकटा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. पुढं यावं, की ताईनं हरले म्हणेपर्यंत थांबावं, हे त्याला कळेना.

आत्याच्या डोळ्यांसमोर आकाशी भिंत आली. गप्प राहिली तर सहावा मजला पाचव्यावर आदळेल आणि तीन दिवसांच्या कामाचा काला होईल. हाक मारली तर पैज गेली. तिनं एक श्वास घेतला.

"चिमणे! ये इकडे. उजव्या बाजूनं धर."

"अगं ड्रेस!" आई ओरडली.

पण चिमणी चौथऱ्यावर चढलीसुद्धा होती. फुलं चपलेखाली चुरडली. तिनं खालून तळवा लावला, कोपर क्रीममध्ये बुडलं.

"ओढू नकोस. माझ्याबरोबर चल. वर... अजून... आता सोड. हळू."

सहावा मजला बसला. सातवा तर चिमणीनं एकटीनंच ठेवला, जीभ दातांत धरून. आत्यानं मागे सरून बघितलं. केक ओळंब्यात होता. केसभरही कलला नव्हता.

धाकटा जवळ आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "ताई, एकटीनं ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"म्हणजे तू हरलीस."

"हरले," आत्या मोठ्यानं म्हणाली, खुर्च्यावाल्यांनाही ऐकू जाईल असं. "बरं झालं हरले. उद्या पहाटे भट्टी पेटणार."

"असं कसं? शब्द दिला होतास."

"चुकीचा दिला. भट्टी पैजेवर लावायची वस्तूच नव्हती. ती माझी चूक, मी कबूल करते. पण चुकीच्या शब्दापायी चालती भट्टी विझवणार नाही. आणि काय रे, एकटीनं एकटीनं लावलंयस, तू कधी काय एकट्यानं केलंस? तुझ्या दुकानात सहा माणसं राबतात. सकाळी मोजा सापडला नाही तर घर डोक्यावर घेतोस. तुझा टाय कोण बांधतं?"

"मी बांधते, वन्सं," धाकट्याची बायको म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"तू मध्ये बोलू नकोस," धाकटा म्हणाला. पण त्याचा हात टायकडे गेला होता.

"हात अडला, मी हाक मारली," आत्या म्हणाली. "ज्याला हाक मारता येत नाही त्यानं भट्टी बंद करावी. मी फळीवरचे डबे काढायला माणूस ठेवीन. स्टुलावर चढणार नाही, एवढं तुझं ऐकते. त्यापुढचं नाही."

"आणि ती खोली?"

"तू झोप तिथं. रंग तुला आवडलाय ना?"

चिमणी खदखदून हसली. तिची आई तिचं कोपर पुसायला धावली, तर ती म्हणाली, "राहू दे गं, असंच छान आहे," आणि कोपरावरचं क्रीम चाटून टाकलं.

दारात पहिले पाहुणे दिसू लागले. चौथऱ्याच्या चुरडलेल्या फुलांकडे बघून मॅनेजर कपाळाला हात लावून उभा होता. सुरकुतलेली कड पाहुण्यांच्या बाजूला आली होती. केक फिरवायचा तर त्याच्या खालची लाकडी फळी दोघांनी धरून वळवायला हवी होती. आत्यानं एका बाजूला हात घातला.

"धर तिकडून," ती धाकट्याला म्हणाली.

"मी अजून रागावलोय."

"मग रागावून धर. कोट काढ आधी."

धाकट्यानं पाहुण्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि फळीखाली बोटं सारली.