पाकिटातली हवा

पाकीट उभं धरून बाजूनं अलगद कापलं, तर वेफर्स तळापासून साडेसात सेंटिमीटरपर्यंत होते. पाकिटाची उंची एकोणीस. उरलेल्या साडेअकरा सेंटिमीटरमध्ये हवा होती, आणि त्या हवेवर राज्याचं विधिमंडळ दोन वर्षं अडून बसलं होतं.

विधेयक छोटं होतं. खाऊच्या पाकिटात एक तृतीयांशाहून जास्त जागा रिकामी ठेवायची नाही, एवढंच. सात आमदारांच्या समितीत तिघे बाजूनं, तिघे विरोधात, आणि सातवे माझे काका. मी भौतिकशास्त्र शिकले आणि काकांच्या कार्यालयात तांत्रिक कागदपत्रं बघते, म्हणून काका मला म्हणाले होते, "तू जरा मोजून बघ. मग ठरवू."

मी एकशे बारा पाकिटं मोजली. मग वेगवेगळी हवा भरलेली पाकिटं टेबलाच्या उंचीवरून पाडली आणि आतले किती वेफर्स तुटतात ते लिहून काढलं. ते सहा महिने आमच्या घरी चहाबरोबर फक्त तुकडे असत.

"तुझ्या काकांनी एकदाचं ठरवलं, की मला एक अख्खा वेफर दे," काकू म्हणायची. "पण घाई नाही हं. माझ्याशी लग्न करायचं ठरवायला त्यांना सात महिने लागले होते, आणि मी तर वेफरपेक्षा बरी होते."

अहवाल देऊन दीड वर्ष झालं. काकांनी तो वाचला, व्यवस्थित फाईलला लावला, आणि विधेयकाचं घोंगडं भिजतच राहिलं.

अडचण अशी, की काकांना कोणी नाराज होऊन गेलेलं बघवत नाही. पाकीटवाल्यांच्या संघटनेचे सल्लागार सोमवारी यायचे, ग्राहक मंचाच्या बाई गुरुवारी. दोघांना काका बरोबर चाळीस मिनिटं द्यायचे. सल्लागार अतिशय सभ्य. काकूच्या गुडघ्याची चौकशी केल्याशिवाय विषयाला हात घालायचे नाहीत. बाई निवृत्त मुख्याध्यापिका; पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर रांगेत मांडायच्या आणि काकांकडे गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं बघायच्या.

"हवेनं माल सुरक्षित राहतो, साहेब," सल्लागार म्हणत.

"तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे," काका म्हणत.

"लोक हवा विकत घेतायत हो!" बाई म्हणत.

"तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे."

दोघंही जाताना खुशीत असत. समितीतले सहकारी काकांना 'तराजू' म्हणत. काकांना ते कौतुक वाटायचं.

विधानसभेच्या मुदतीतल्या शेवटच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी समितीची बैठक साडेचार वाजता होती. पाच वाजता अधिवेशन संपलं की मतदान न झालेली विधेयकं रद्द होणार होती. म्हणजे माझे एकशे बारा आकडेही रद्दीत. मी काकांना त्याबद्दल काही बोलले नव्हते. मत त्यांचं होतं.

मी फाईल घेऊन काकांच्या शेजारी बसले होते; सल्लागार आणि बाई मागच्या खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि समोरची दोन पत्रं उचलली.

"कामाला लागण्याआधी जरा टपाल वाचते. पहिलं संघटनेचं. 'विधेयकाला ठाम विरोध केल्याबद्दल माननीय सदस्यांचे मनःपूर्वक आभार.' दुसरं ग्राहक मंचाचं. 'विधेयकाला ठाम पाठिंबा दिल्याबद्दल माननीय सदस्यांचे मनःपूर्वक आभार.'" त्यांनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. "दोन्ही आभार तुमचेच आहेत."

सगळे हसले. आभार आधीच मानून ठेवायचे, म्हणजे माणसाला मागे फिरायला लाज वाटते, ही या धंद्यातली जुनी युक्ती. फक्त ती एकाच माणसावर दोन्ही बाजूंनी, एकाच दिवशी चालवायची नसते. मागे सल्लागारांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी सल्लागारांकडे. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं काहीतरी एकमत झालं असावं.

"मी तटस्थ राहिलो तर?" काकांनी विचारलं.

"तर तीन-तीन. म्हणजे विधेयक पडलं. तळ्यात-मळ्यात आता पुरे, तराजूराव. पाचला वीस कमी आहेत."

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी तो ओठांना लावला. मग माझ्याकडे वळले. "तू मोजलं होतंस ना? हवेनं वेफर्स वाचतात का?"

दीड वर्षानं का होईना, प्रश्न आला होता. मी उभी राहिले. "वाचतात. सल्लागारसाहेबांचं म्हणणं एक तृतीयांशापर्यंत खरं आहे. त्यापुढे हवा कितीही वाढवली, तरी तुकडे तेवढेच होतात."

"मग त्यापुढची हवा कशासाठी?" काकांनी सल्लागारांना विचारलं. भांडायला नव्हे, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

सल्लागार सभ्य होते, आणि समोरून सरळ प्रश्न आला की सभ्य माणसाची पंचाईत होते. "पाकीट दुकानात उठून दिसावं लागतं, साहेब. हातात घेतलं की भरल्यासारखं वाटावं लागतं."

"कोणाला?"

"गिऱ्हाइकाला."

"म्हणजे मला," मागून बाई म्हणाल्या.

पुन्हा हशा झाला. काका हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो मी पडद्यांच्या दुकानात पाहिला होता: दुकानदारानं चाळीस पडदे उलगडलेले, आणि आता एकोणचाळीस परत घड्या घालायला कसं सांगायचं?

चार वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली. काका खुर्चीतून उठले. मतदानासाठी उठायची गरज नसते. ते सल्लागारांकडे पूर्ण वळले आणि सावकाश बोलले.

"साहेब, दोन वर्षांत तुम्ही माझ्याकडून एकदाही नाराज होऊन गेला नाहीत. आज जाल. माझं मत विधेयकाच्या बाजूनं."